‘डी’मध्ये ठेवलेली प्रत

हिंगोलीत असो, वसमतला असो की कळमनुरीला, संगणक दुरुस्तीच्या दुकानात एक संवाद ठरलेला असतो. गिऱ्हाईक सीपीयू उचलून आणते. दुकानदार केबल जोडून पाहतो, तर विंडोज अर्ध्यावरच अडकलेली. “फॉरमॅट मारावा लागेल. डाटा काय काय आहे?” गिऱ्हाईक निश्चिंत असते. “कामाचं सगळं डीमध्ये टाकलंय.”

हा विश्वास उगीच आलेला नाही. विंडोज ‘सी’मध्ये बसते. व्हायरसने किंवा अर्धवट अपडेटने ती बिघडली की ‘सी’ पुसून नवी टाकतात आणि ‘डी’तल्या फायली जशाच्या तशा राहतात. वर्षानुवर्षे हेच अनुभवाला आल्यामुळे ‘डी’ ही घरातली तिजोरी होऊन बसली. पण बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. पाटी एकच, मधे रेघ ओढलेली. पाटी फुटली की रेघेच्या दोन्ही बाजूंचे जाते.

मग खरी प्रत ठेवायची कुठे? घरातल्या वेगळ्या डिस्कवर, इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत म्हणजे क्लाउडवर, की दोन्हीकडे? गेली वीस वर्षे यावर जगभर वाद चालू आहे. पुण्या-मुंबईतल्या वाचकाला त्याची जी उत्तरे लागू पडतात, तीच हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तशीच लागू पडतात असे नाही. विजेचा भरवसा, नेटचा वेग, कामाचे स्वरूप आणि फायलींची लिपीसुद्धा इथे हिशोबात धरावी लागते.

प्रती करण्याची जुनी सवय

एकच प्रत धोक्याची, हे या भागाला संगणकाने शिकवलेले नाही. नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते आणि ते हिंगोली जिल्ह्यातच आहे. वारकऱ्यांनी अभंग बाडांमध्ये उतरवून घेतले, एका बाडावरून दुसरे बाड झाले. नामदेवांची ६१ पदे तर इथून शेकडो कोस दूर, पंजाबात जपली गेली आणि १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केलेल्या ग्रंथात आली. प्रती वाढल्या की पाठभेदही वाढतात. म्हणूनच एकनाथांना १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या वेगवेगळ्या प्रती पडताळून शुद्ध पाठ तयार करावा लागला. ‘यातली खरी फाइल कोणती’ हा आजचा प्रश्न तेव्हाही होताच.

अलीकडचे उदाहरण अजून ताजे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडीतले आणि उर्दूतले कागद तपासले गेले, हैदराबादेतले दप्तरही पाहिले गेले. ज्या घरांनी कधी जुन्या कागदाकडे पाहिले नव्हते, ती घरे पणजोबाच्या नावाची एक ओळ शोधू लागली. मराठा समाजाला कुणबी म्हणून आरक्षण देण्याच्या मागणीच्या बाजूने किंवा विरुद्ध कुणाचे काहीही मत असो, शंभर वर्षांपूर्वीच्या कागदाची प्रत दुसऱ्या शहरात शिल्लक असणे म्हणजे काय, हे त्या काही महिन्यांत मराठवाड्याने पाहिले.

राज्याच्या राजधानीनेही हा धडा घेतलेला आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. पाच जणांचा जीव गेला आणि वरच्या मजल्यांवरच्या हजारो फायली जळाल्या. सरकारी कागद स्कॅन करून ठेवण्याच्या कामाला त्यानंतर वेग आला.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. एमकेसीएलची स्थापना २००१ ची; तिचे संगणक शिकवणारे एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यात पोचले ते त्यानंतर. म्हणजे जिल्ह्याचे वय आणि इथल्या घरगुती संगणकाचे वय जवळपास सारखेच. या काळात प्रत ठेवण्याची साधने भराभर बदलली. १.४४ एमबीची फ्लॉपी गेली, ७०० एमबीची सीडी आली, मग डीव्हीडी, पेन ड्राइव्ह, खिशात मावणारी एक टीबीची डिस्क. तिकडे २००८ मध्ये ड्रॉपबॉक्स, २०१२ मध्ये गूगल ड्राइव्ह आणि २०१५ मध्ये गूगल फोटोज सुरू झाले. पण खेड्यापाड्यातला माणूस क्लाउडशी जोडला गेला तो सप्टेंबर २०१६ नंतर, जिओने डाटा स्वस्त केल्यावर. आणि तोही संगणकातून नव्हे, मोबाइलमधून.

या विषयाचे जागतिक काम मराठी मुलखाच्या जवळच होते, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. बॅकअपची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हेरिटास कंपनीचे मोठे केंद्र पुण्यात होते. तिथून बाहेर पडलेल्या मंडळींनी २००८ मध्ये पुण्यातच ‘द्रुवा’ ही क्लाउड बॅकअपची कंपनी काढली; तिच्या संस्थापकांत मिलिंद बोराटे होते. आज तिचे मुख्यालय कॅलिफोर्नियात आहे आणि विकासाचे मोठे काम पुण्यात चालते.

डाटा उडतो कसा

कोणती बाजू बरोबर हे ठरवण्याआधी नुकसान कोणत्या वाटेने येते ते पाहावे लागते, कारण प्रत्येक बाजू वेगळ्या वाटेचा बंदोबस्त करते.

पहिली वाट डिस्कच्या मरणाची. अमेरिकेतली बॅकब्लेझ ही क्लाउड कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कचा हिशोब दरवर्षी छापते. २०२४ मध्ये त्यांच्या डिस्क निकामी होण्याचे प्रमाण वर्षाला १.५७ टक्के निघाले. शंभरात दीड म्हणजे थोडे वाटते, पण त्या डिस्क वातानुकूलित दालनात, अखंड विजेवर चालणाऱ्या. मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात, लाईट जात-येत असताना, यूपीएसची बॅटरी केव्हाच बसलेली असताना चालणाऱ्या डिस्कला तो आकडा लावता येत नाही.

दुसरी वाट पाण्याची. ९ जुलै २०२२ च्या सुमारास वसमत तालुक्यातले कुरुंदा गाव पुराच्या पाण्यात सापडले. घराघरांत, दुकानांत पाणी शिरले. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्याच दिवसांत अतिवृष्टीने कयाधू नदीला पूर आला. तिसरी वाट जमिनीखालची. २१ मार्च २०२४ च्या पहाटे सहाच्या पुढे जिल्ह्यात ४.५ आणि पाठोपाठ ३.६ तीव्रतेचे धक्के बसले, १० जुलैला पुन्हा ४.५ चा. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांना जमिनीतून येणारे गूढ आवाज कित्येक वर्षे परिचयाचे आहेत. या धक्क्यांनी संगणकांचे नुकसान झाले असे कुणी म्हणत नाही. पण सगळ्या प्रती एकाच छपराखाली ठेवायच्या की नाही, या प्रश्नाला या जिल्ह्यात वजन येते ते यामुळे.

चौथी वाट खंडणीखोर व्हायरसची, म्हणजे रॅन्समवेअरची. तो फायली पुसत नाही, कुलूपबंद करतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर हाहाकार केला. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्याने उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम थांबवले. हा खंडणीखोराच्या वेशातला विध्वंसक व्हायरस होता. ते टर्मिनल मर्स्क या डॅनिश समूहाशी निगडित. मर्स्कच्या जगभरच्या यंत्रणेची नाडी ज्या मुख्य सर्व्हरांत होती, त्या सगळ्यांच्या प्रती एकमेकांत जोडलेल्या होत्या. त्यामुळे सगळ्या एकदमच गेल्या. वाचली ती घानामधली एक. हल्ल्याच्या वेळी तिथली लाईट गेलेली होती म्हणून! एरवी ज्या लोडशेडिंगला शिव्या पडतात त्याने एका बलाढ्य कंपनीला तारले. यातली तांत्रिक बाब महत्त्वाची आहे: जी प्रत त्या क्षणी जोडलेली नव्हती, तीच उरली.

पाचवी वाट सगळ्यात वर्दळीची: माणसाचा हात. चुकीचे फोल्डर डिलीट होते, जुन्या फाइलवर नवी सेव्ह होते, दुकानातला पोरगा न विचारता फॉरमॅट मारतो.

घरच्या डिस्कची बाजू

वेगळी डिस्क घेऊन तिच्यावर प्रत ठेवा, असे म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा वेळेचा आहे. समजा, लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका छायाचित्रकाराकडे हंगामाअखेर ५०० जीबी साठले. सेकंदाला १० मेगाबिट अपलोड मिळाले तर ते क्लाउडवर चढायला रात्रंदिवस मिळून साडेचार दिवसांहून जास्त लागतात. वेग दोनवर आला, जो संध्याकाळी मोबाइल टॉवरवर गर्दी झाली की येतोच, तर २३ दिवस. आणि रोज दीड जीबीचा पॅक असेल तर सारा पॅक यातच ओतूनही ३३३ दिवस. तोवर पुढची लग्नसराई येऊन ठेपते. हेच काम यूएसबी ३ च्या डिस्कवर दोन-तीन तासांत उरकते, आणि परत घेतानाही तेवढाच वेळ.

दुसरा मुद्दा पैशाचा. डिस्क एकदाच विकत घ्यायची. क्लाउडचे भाडे दर महिन्याला. तिसरा, डाटा आपल्या कपाटात राहतो, तो कुणाला दिसत नाही. सोयही संगणकातच असते: विंडोजमध्ये २०१२ पासून ‘फाइल हिस्ट्री’ आहे, मॅकमध्ये २००७ पासून ‘टाइम मशीन’. दोन्ही बाहेरच्या डिस्कवर फायलींच्या मागच्या आवृत्त्यासुद्धा जपतात. म्हणजे काल चुकून बिघडवलेली फाइल परवाच्या रूपात परत मिळते.

या बाजूचे दुबळेपण तिचे समर्थकही नाकारत नाहीत. डिस्क त्याच घरात असते, बऱ्याचदा त्याच टेबलावर, आणि केबल कायमची खोचलेली. चोर आला तर लॅपटॉपबरोबर तीही नेतो, पाणी दोघांनाही भिजवते, रॅन्समवेअर दोघांनाही कुलूप लावते. इंटरनेटला जोडून ठेवायची घरगुती डिस्कही निर्धोक नाही. जून २०२१ मध्ये ‘माय बुक लाइव्ह’ या डिस्कच्या जगभरच्या मालकांना सकाळी उठून पाहावे तो डिस्क रिकामी दिसली. २०१५ नंतर तिला दुरुस्त्या मिळणे बंद झाले होते आणि त्याच फटीतून कुणीतरी शिरले होते. पेन ड्राइव्हबद्दल मात्र दोन्ही बाजूंचे एकमत आहे: तो ने-आण करण्यासाठी, साठवणीसाठी नव्हे.

क्लाउडची बाजू

क्लाउडवाल्यांचा मुख्य मुद्दा अंतराचा आहे. हिंगोलीतले घर बुडाले तरी मुंबईतल्या किंवा सिंगापूरच्या सर्व्हरवरची प्रत कोरडी राहते. तिथे एकच फाइल अनेक डिस्कवर विभागून ठेवलेली असते, डिस्क मेली तर कंपनी गुपचूप बदलते. आणि हे सगळे आपोआप होते. ‘रविवारी बॅकअप घेऊ’ म्हणणाऱ्या माणसाचा रविवार किती वेळा उजाडतो हे प्रत्येकाला माहीत आहे. त्यामुळे हा शेवटचा मुद्दा बाकी सगळ्या मुद्द्यांहून जड आहे.

भाडेही छोट्या साठ्यासाठी परवडणारे आहे. गूगल खात्याबरोबर १५ जीबी फुकट मिळत आले आहे आणि १०० जीबीसाठी महिना १३० रुपये हा दर भारतात कित्येक वर्षे टिकला.

पण नियम घरमालकाचे असतात आणि ते बदलतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये वनड्राइव्हची ‘अमर्याद’ जागा मागे घेतली, फुकटची जागा १५ वरून ५ जीबीवर आणण्याचे जाहीर केले. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षे न वापरलेली गूगल खाती काढून टाकण्याचे धोरण आले. २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाची हकीकत छापली. डॉक्टरांना दाखवण्यासाठी त्याने आजारी मुलाचा फोटो काढला होता. गूगलच्या यंत्रणेने तो आक्षेपार्ह ठरवला. पोलिसांनी निर्दोष ठरवूनही त्याचे खाते, त्यातली पत्रे, फोटो, फोन नंबर, काहीच परत मिळाले नाही.

कंपन्यांच्या इमारतीही जळतात. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर येथे ओव्हीएच कंपनीचे एक डाटा सेंटर खाक झाले. ज्यांची मूळ प्रत आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते त्यांनी दोन्ही गमावले. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ च्या आगीत सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातला ८५८ टीबी डाटा गेला. त्याची दुसरीकडे प्रतच नव्हती. उलट मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचे अख्खे क्लाउड खाते गूगलकडच्या एका चुकीच्या नोंदीमुळे पुसले गेले, तेव्हा सहा लाखांवर सभासदांची माहिती वाचली, कारण फंडाने एक प्रत वेगळ्याच कंपनीकडे ठेवली होती.

सिंक की बॅकअप?

या चर्चेतला सगळ्यात जास्त घोळ एका शब्दाने घातला आहे. ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स मुळात ‘सिंक’ करतात, म्हणजे दोन ठिकाणचे फोल्डर एकसारखे ठेवतात. इथे केलेला बदल तिथे उमटतो. इथे पुसले की तिथेही पुसले जाते.

नवा लॅपटॉप घेतलेल्या घरांत हे नेमके कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. सुरुवातीलाच मायक्रोसॉफ्टचे खाते जोडले जाते आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स ही फोल्डरे नकळत वनड्राइव्हमध्ये जातात. ५ जीबी भरायला एक सहल पुरते. मग ‘जागा संपली’ अशी लाल सूचना रोज येऊ लागते. वैतागून कुणीतरी वेबसाइटवर जाऊन वनड्राइव्ह मोकळे करते, आणि दुसऱ्या दिवशी डेस्कटॉपवरचे मुलीचे प्रोजेक्टही गेलेले असते. त्याला वाटले होते, ती वरची प्रत आहे. ती प्रत नव्हती, तीच फाइल होती. रिसायकल बिनमध्ये ती काही दिवस मिळते; नंतर नाही.

सिंकच्या बाजूने बोलणारे म्हणतात की आता बहुतेक सेवा जुन्या आवृत्त्या आणि पुसलेल्या फायली साधारण महिनाभर ठेवतात, घरगुती माणसाला तेवढे पुरे. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे की नुकसान महिनाभरात लक्षात येईलच असे नाही. शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या संगणकावरच्या आवृत्तीतल्या दोषाने काही लोकांच्या कित्येक महिन्यांच्या फायली दिसेनाशा झाल्या होत्या. हा वाद तत्त्वाचा कमी आणि मुदतीचा जास्त आहे. पुसलेली फाइल किती दिवस मागता येते, हे ज्याच्या त्याच्या सेवेच्या नियमात पाहिले तर अर्धा वाद मिटतो.

तीन, दोन, एक

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी डिजिटल फोटो सांभाळण्यावर २००५ मध्ये पुस्तक लिहिले, आणि पुढे त्यांच्या नावाने एक सूत्र रूढ झाले: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आज या क्षेत्रात सर्वमान्य म्हणावे असे हे एकच सूत्र. रॅन्समवेअरनंतर त्यात ‘एक प्रत न जोडलेली’ ही भर पडली. डिस्क आणि क्लाउड या दोन बाजूंचा तह इथे होतो: डिस्क वेगाने परत देते, क्लाउड अंतर देतो.

याच सूत्राचे मोठे रूप हिंगोली जिल्ह्याला पुढे जवळून पाहायला मिळणार आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला सुमारे २६०० कोटींची मंजुरी दिली. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या जुळ्या वेधशाळांचा डाटा वेधशाळेत राहतोच, शिवाय कॅल्टेकच्या मुख्य साठ्यातही जातो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांनी टिपलेली पहिली लहर सेकंदाच्या अंशभरच टिकली होती. पुन्हा येणार नाही अशी नोंद एका जागी ठेवायची नाही, हा तिथला रोजचा शिरस्ता.

घरगुती माणसाला मात्र हे सूत्र जड वाटते, आणि ते खरेही आहे. वाट निघते ती डाटाचे वजन न पाहता मोल पाहिल्याने. एखाद्या आडत दुकानाचा संगणक घ्या. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, हिंगोली-वसमतच्या हळद बाजारात हंगामात ढिगांनी माल येतो, आणि त्या सगळ्याचा हिशोब टॅलीत असतो. वर्षभराचा टॅलीचा डाटा बहुधा काहीशे एमबीत मावतो. जीएसटी कायद्याप्रमाणे ही दप्तरे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात. त्याच संगणकात दोनशे जीबीची गाणी-सिनेमे असतात. ती गेली तर पुन्हा मिळतात. सातबारा आणि गुणपत्रिकांचे स्कॅन, टॅली, मुलांचे लहानपणचे फोटो पुन्हा मिळत नाहीत किंवा मिळवताना जीव जातो. कागदपत्रांचे दोन जीबी १० मेगाबिटच्या वेगाने अर्ध्या तासाच्या आत वर जातात. म्हणून जे छोटे आणि अनमोल ते डिस्कवर आणि क्लाउडवरही. जे मोठे ते दोन डिस्कवर, त्यातली एक मामाच्या नाहीतर बहिणीच्या गावी. या जिल्ह्याच्या परिस्थितीत सध्या हाच सर्वांत व्यवहार्य मार्ग दिसतो.

कंपनी म्हणून नोंदणी असेल तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून हिशोबाच्या दप्तरांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घेणे बंधनकारक आहे. आडत दुकाने बहुतेक वैयक्तिक मालकीची किंवा भागीदारीची. त्यांना हा नियम लागू नाही.

फाइल वाचली, अक्षरे गेली

बॅकअपवरच्या इंग्रजी लिखाणात सहसा न येणारा एक प्रश्न मराठीत मोठा आहे. हिंगोलीतल्या कोणत्याही जुन्या डीटीपी केंद्रात पंधरा-वीस वर्षांचे काम साठलेले असते: लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, भजनी मंडळांची पुस्तके, गावच्या देवस्थानाचे इतिहास. हे काम पेजमेकर आणि कोरलड्रॉमध्ये, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम वापरून झाले. या पद्धतीत फाइलमध्ये मराठी अक्षर साठतच नाही; साठतो तो इंग्रजी कळांचा संकेत, आणि त्याला मराठीचे रूप देतो तो विशिष्ट फॉन्ट. फाइल नीट जपली पण फॉन्ट हरवला तर पडद्यावर नुसते गिचमिड चिन्हांचे रान उगवते.

त्यातून श्रीलिपीला हार्डवेअर लॉक लागे, म्हणजे यूएसबीत किंवा त्याआधी प्रिंटरच्या पोर्टात खोचायचा डोंगल. तो हरवला की सॉफ्टवेअर मुके. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. आजच्या विंडोजवर ते चालवायला कसरत करावी लागते, म्हणून कित्येक केंद्रांत कोपऱ्यात एक जुना पीसी केवळ त्याच्यासाठी जिवंत ठेवलेला दिसतो. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. रफार, जोडाक्षरे आणि अनुस्वार यांत ते चुकतात आणि प्रत्येक पान वाचून दुरुस्त करावे लागते. हे काम कुणी करायचे, मजुरी कुणी द्यायची, हे ठरलेले नाही. पण तोवर निदान प्रत्येक मूळ फाइलबरोबर तिची पीडीएफ आणि लागणारा फॉन्ट त्याच फोल्डरमध्ये ठेवता येतो. पीडीएफमध्ये दुरुस्ती करता येणार नाही, पण वाचता तरी येईल. देवस्थानाचा जो इतिहास छापील रूपात दोनशे प्रतींत निघाला आणि आता कुणाकडेच सापडत नाही, त्याची एकमेव प्रत अशा एखाद्या जुन्या डिस्कवर असू शकते.

न सुटलेले

काही प्रश्नांवर अजून कोणत्याच बाजूकडे पक्के उत्तर नाही. पहिला किल्लीचा. पूर्वी लॅपटॉप मेला तरी दुकानदार डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावे आणि डाटा काढून देई. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून नव्या संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद होण्याचे प्रमाण वाढले आहे. तिची ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि ते खाते बऱ्याचदा दुकानातल्या पोराने स्वतःच्या मनाने उघडून दिलेले असते. चोरापासून संरक्षण वाढले, मालकाची वाट मात्र अरुंद झाली. शिवाय एसएसडीवर पुसलेला डाटा परत काढणे जुन्या डिस्कपेक्षा कितीतरी अवघड.

दुसरा प्रश्न वारशाचा. घरातला कर्ता गेला की त्याच्या क्लाउडमधले फोटो आणि कागद कुणाचे? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डाटा संरक्षण कायद्यात कलम १४ नुसार नामनिर्देशनाची तरतूद आहे. गूगलकडे २०१३ पासून निष्क्रिय खात्यासाठी वारस नेमण्याची सोय आहे, ॲपलकडे २०२१ पासून. पण ती आधी भरून ठेवावी लागते. इकडे सगळे खाते मोबाइल नंबरवर येणाऱ्या ओटीपीवर टांगलेले. ९० दिवस न वापरलेले सिम बंद होऊ शकते आणि तो नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो. दुःखात सिम रिचार्ज करायचे राहिले तर खात्याची दारेही बंद होतात.

तिसरा प्रश्न परत मिळण्याच्या खात्रीचा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित कंपनीत एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डाटा पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. गरजेच्या वेळी एकही धड चालली नाही. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत हाती लागली. घरगुती बॅकअप तपासण्याची सोपी, सर्वांना जमेल अशी रीत सहसा मिळत नाही. सेवा ‘बॅकअप पूर्ण’ असा हिरवा टिळा दाखवते, फाइल उघडते की नाही ते सांगत नाही.

ते घरच्या घरीच पाहावे लागते. वाचकांनी या आठवड्यात एक फाइल निवडावी: सातबाऱ्याचा स्कॅन, टॅलीचा गेल्या वर्षीचा डाटा किंवा आजीचा एकुलता फोटो. आपला संगणक बंद ठेवून ती दुसऱ्याच्या लॅपटॉपवर, डिस्कवरून किंवा क्लाउडवरून, उघडून पाहावी. उघडली नाही, तर त्याच दिवशी नवी प्रत करावी.